प्रसेनजितचा नंबर

उकंडराव पडघानांना आमच्या आसेगावात कुणी शहाणा म्हणणार नाही, आणि वेडा म्हणायची कुणाची छाती नाही. अंगानं काटकुळा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, आणि जे बोलायचं ते तोंडावर. दुकानदारानं वजनात मारलं तर भर बाजारात त्याचा काटा धरून उभा राहणार, आणि त्याच दुकानदाराची म्हातारी आजारी पडली तर तिला दवाखान्यात न्यायला पहिला हाच जाणार.

त्यांच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून आईनं जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही पाहत नाही, अशी जुन्या बायांची समजूत. पुढं हाच उकंडा विहारात बसून ग्रंथ ऐकायला लागला, असल्या समजुतींना हसायला लागला, आणि लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेल्या एकुलत्या एका मुलाचं नाव त्यानं हौसेनं ठेवलं प्रसेनजित. राजाचं नाव. बेबीताई, म्हणजे उकंडरावांच्या बायको, त्या नावाला कायम अडखळायच्या. पण हाक पूर्ण नावानंच मारायच्या, त्याचं कधी पश्या किंवा जितू होऊ दिलं नाही.

प्रसेनजित माझ्या वर्गात होता. मी पौर्णिमा. गावच्या बसथांब्याजवळ माझं सेवा केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं एक यंत्र आणि मनात येईल तेव्हा जाणारी लाईट, एवढा माझा संसार. केंद्राची वायरिंग प्रसेनजितनंच करून दिली होती. पैसे विचारले तर म्हणाला, "माह्या लग्नाची पत्रिका फुकट छापून देजो." ती छापायची वेळ आलीच नाही.

आता विहिरीचं सांगते. गावाच्या खालच्या अंगाला, स्मशानाच्या वाटेवर, तिघांची एक विहीर आहे. एक हिस्सा पडघानांचा, एक तांड्यावरच्या अमरसिंगचा आणि एक रुखमाबाईचा. तिघांच्या वाडवडिलांनी मिळून खोदलेली. एक मोटर, एक मीटर, आणि विजेच्या कागदावर तिघांची नावं. पाण्याची पाळी ठरलेली. विहिरीवर कधी भांडण झालं नाही असं मी म्हणणार नाही, कारण रुखमाबाई भांडली नाही असा हंगाम मला आठवत नाही. पण विहिरीवरचं भांडण विहिरीवरच संपायचं. संध्याकाळी रुखमाबाईच्या घरची आंबाडीची भाजी पडघानांकडे आणि पडघानांकडचा ठेचा तिच्याकडे जायचाच.

या विहिरीची एक रीत आहे. मातीहून परतणारे लोक इथं हातपाय धुतात, ज्याला करायची तो आंघोळ करतो. गेलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या गल्लीतला, कुणी विचारत नाही. तिघांपैकी एक जण मोटर चालू करायला आधीच येऊन उभा असतो. कुणाच्याही पिकाची पाळी असो, तेवढा वेळ पाणी माणसांचं.

आधार कार्डाचं शिबिर शाळेत लागलं, तेव्हा या तिघांत मिळून एकच मोबाइल होता, प्रसेनजितचा. तो तेव्हा वाशिमला कॉलेजात जायचा. कार्ड काढणाऱ्यानं नंबर विचारला तसा उकंडरावांनी पोराचा सांगितला. मागं रुखमाबाई उभी, तिनं म्हटलं, "मले बी तोच." अमरसिंगनं तर विचारायचीही वाट पाहिली नाही. विहीर एक, मीटर एक, मग नंबर वेगळा कशाला? इतका साधा हिशेब होता तो. त्यात काही चुकीचं आहे हे तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

तेव्हापासून तिघांचे सगळे ओटीपी प्रसेनजितकडे यायला लागले. रेशनचे, पीक विम्याचे, निराधार योजनेच्या पगाराचे. ओटीपी हा शब्द कुणी वापरत नसे. "आकडा" म्हणायचे. अमरसिंग दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा, तिथल्या फडातून मुकादमाच्या फोनवरून विचारायचा, "पोरा, आकडा आला का?" रुखमाबाई माझ्या केंद्रातून मला नंबर लावायला सांगायची आणि फोन कानाला उलटा धरून ओरडायची, "प्रसेनजित बेटा, पाय बरं आकडा!" तो वाशिमला एका दुकानात कामाला लागला, तरी समोरचं गिऱ्हाईक सोडून आकडा सांगायचा. आकडा सांगून झाला की विचारायचा, "मावशी, जेवली का?" रुखमाबाईला मूलबाळ नाही. ती फोन ठेवल्यावर मला सांगायची, "पायलं का, जेवली का इचारते." जणू मी ऐकलंच नव्हतं.

परवापरवाची गोष्ट वाटते, पण दोन पावसाळे होऊन गेले. मित्राच्या लग्नाला प्रसेनजित अनसिंगला गेला होता. परतताना दिवा नसलेल्या ट्रॉलीवर त्याची गाडी धडकली. गावात आणला तेव्हा पाहवत नव्हतं. खिशातला फोन मात्र शाबूत होता, काचेला एक चीर गेली होती तेवढीच. त्या दिवशी विहिरीवर मोटर चालू करायला अमरसिंग उभा होता. बटण दाबून तो तिथंच मातीत बसला आणि मोठ्यानं रडला.

उकंडराव रडले नाहीत. काही दिवसांनी माझ्याकडे रिचार्ज करायला आले, तेव्हा खुर्चीवर बसून एकदाच बोलले. "माह्या मायनं माहं नाव वंगाळ ठेवलं, म्हनून मी वाचलो. म्या पोराचं नाव चांगलं ठेवलं, पौर्णिमा." ज्या माणसानं आयुष्यभर असल्या समजुतींची टिंगल केली, त्याच्या तोंडून हे निघालं. मी फक्त रिचार्ज केला.

तो फोन ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला लागले, खिशाला बटण लावून. चार्जिंग शिकले, मेसेज उघडायला शिकले. वाजला की उचलून म्हणायचे, "प्रसेनजितचा फोन. बोला." स्वतःचं नाव कधी सांगायचे नाहीत. पहिल्यांदा अमरसिंगचा फोन फडातून आला तेव्हा सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "पोरा, आकडा आला का?" आणि मग तो गप्पच झाला. इकडून उकंडराव म्हणाले, "थांबू नको. तसंच म्हन." तेव्हापासून साठीचा अमरसिंग साठीच्या उकंडरावांना फोनवर पोरा म्हणायला लागला. रुखमाबाईनंही तेच धरलं. समोर भेटली की उकंडराव, फोनवर प्रसेनजित बेटा. आकडा ऐकून झाला की पलीकडून उकंडराव खालच्या आवाजात विचारायचे, "मावशी, जेवली का?" रुखमाबाई फोन माझ्या हातात देऊन पदरानं डोळे पुसायची. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. हसलं कुणीच नाही.

एकट्या बेबीताईंना तो फोन नको होता. एकदा मला म्हणाल्या, "वाजला का मले आधी तोच आठवते, का आता येतो म्हनून सांगून राह्यला. मंग तो मेला हे आठवते. दर बारीले. बंद करून दे वं त्याले." उकंडरावांना त्यांनी तसं सांगितलंही. उकंडराव उठून बाहेर गेले आणि जेवायलाच आले नाहीत. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

दिवाळीनंतर तांड्यावरचा एक म्हातारा वारला. अमरसिंग ऊसतोडीला निघून गेला होता, म्हणून मोटर चालू करायला उकंडराव गेले. लोक हातपाय धूत होते, कुणी आंघोळ करत होतं, तेवढ्यात विजेचं कनेक्शन तपासणारं पथक जीपमधून उतरलं. त्यांच्या साहेबानं विचारलं, हे पाणी कशाचं? शेजारच्या कोणत्याही गावच्या माणसानं सांगितलं असतं, साहेब, हरभऱ्याला सोडलं होतं. उकंडरावांनी छाती पुढं काढून सांगितलं, "हे गावासाठी हाय साहेब. कोनी मेलं का आमी मोटर लावतोच. आमच्या बापापासून." साहेबानं लिहून घेतलं, उकंडरावांनी खाली वळणदार सही केली, आणि वर सगळ्यांना पाणी पाजून पाठवलं.

पुढच्या बिलाला शेतीचा दर जाऊन भलताच दर लागला. शेतीसाठी नसलेला वापर, असा शेरा. रब्बी उभी होती, आणि असल्या दरानं तिघांपैकी कुणाचीच मोटर महिनाभरही चालली नसती. रुखमाबाई बिल घेऊन केंद्रात आली आणि उकंडरावांवर खरोखरीची चिडली. "खरं बोलाची येवढी कायची घाई पडली व्हती तुमाले?" उकंडराव म्हणाले, "मंग काय खोटं बोलू? तेयी मयतीच्या दिवशी?" तिनं बिल माझ्यापुढं टाकलं.

दर परत शेतीचा करून घ्यायचा तर तक्रार ऑनलाइनच करायची, कागद चालत नाही. मुदत गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यापर्यंत होती. मी वेबसाइट उघडली. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, आणि मराठी अशी की इंग्रजी बरी. कनेक्शन सामाईक आहे यावर खूण केली की सगळा अर्जच बदलायचा. तिघांची वेगवेगळी पानं, तिघांची वेगवेगळी संमती. पुढं विचारलं होतं, सहधारकाशी नाते. पर्याय होते पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. एक बौद्ध, एक बंजारा, एक मराठ्याची विधवा. मी इतर निवडलं, तर तिथं खुलासा मागितला. समोर रुखमाबाई आणि उकंडराव बसले होते. मी विचारलं, काय लिहू?

"लिही, विहीर," रुखमाबाई म्हणाली.

मी तसंच लिहिलं. मशीननं ते निमूटपणे घेतलं, याचं मला आजही नवल वाटतं.

घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढं. प्रत्येक हिस्सेदाराची संमती त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा पाठवून घ्यायची होती, आणि एक मोबाइल एकाच माणसाला चालणार होता. रुखमाबाईचं पान भरलं, आकडा उकंडरावांच्या खिशात वाजला, घेतला. उकंडरावांचं पान भरलं, तर लाल अक्षरात आलं, हा मोबाइल क्रमांक आधीच वापरला आहे. मी पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मदतीच्या नंबरवर फोन केला तर तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, प्रत्येक सहधारकाचा स्वतःचा नंबर हवा. हा सगळा अर्ज रद्द करून नव्यानं भरा." मी म्हटलं, बाई, आमच्याकडे एका नंबरावर तीन माणसं जगतात. ती म्हणाली, सॉरी मॅडम.

उपाय अवघड नव्हता. रुखमाबाई आणि अमरसिंग यांनी नवीन सिम घ्यायचं, मंगरूळपीरला जाऊन बोटं टेकवायची आणि आधारला आपापला नंबर जोडायचा. प्रसेनजितचा नंबर उकंडरावांकडेच राहणार होता. हे सगळं मी सोपं करून सांगितलं. उकंडरावांनी ऐकून घेतलं. खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे मंग ह्या दोघायचा आकडा याच्यावर नाई येनार."

"नाही येणार, काका."

"मंग हे फोन कायले करतीन?"

प्रसेनजितच्या नंबरावर आणखी कोण फोन करत होतं? मित्र हळूहळू थांबले होते. दुकानाच्या मालकानं दुसरा मुलगा ठेवला होता. त्या नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं उरली होती, आणि ती दोघंही आकड्यासाठी हाक मारायची.

"अमरसिंग शिमग्याले येईन," उकंडराव उठत म्हणाले. "तो येऊ दे. थांबू तोवर."

थांबणं भागच होतं, कारण बोटं टेकवायला माणूस हजर लागतो. पण रुखमाबाई तर गावातच होती. मी तिच्या मागं लागले. आज जाते, उद्या जाते करत एकदाची ती मंगरूळपीरला गेली आणि परत येऊन म्हणाली, "माहे ठसेच नाई उठत वं. निंदून खुरपून बोटं घासली." तसं होतं खरं पुष्कळ बायांचं. म्हणून मी विश्वास ठेवला. मग काही दिवसांनी रेशनसाठी तिनं माझ्याच यंत्रावर अंगठा ठेवला आणि पहिल्या झटक्यात ठसा उठला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं दाराकडे पाहिलं.

"मावशी, तू मंगरूळले गेलीच नाहीस," मी म्हटलं.

"तुले सगळंच काहून दिसते वं?" ती फणकारली, आणि पिशवी उचलून चालती झाली.

शिमग्याला अमरसिंग आला. मला वाटलं आता गाडी पुढं सरकेल. कुठलं काय! तो म्हणाला, मुकादमाचा हिशेब आहे. मग म्हणाला, पोहरादेवीला जाऊन येतो, मग पाहू. मग म्हणाला, "मले नाई जमत तो मोबाइल-फिबाइल, बेटी. पोराचा नंबर हाय, तो बरा." मी त्याला तारीख सांगितली, दर सांगितला, मोटरची लाईन तुटेल म्हणून सांगितलं. तो सगळ्याला हो म्हणाला आणि तांड्यावर निघून गेला. त्यानं रुखमाबाईशी आणि रुखमाबाईनं त्याच्याशी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. दोघंही आपापल्या ठिकाणी एकच खोटं बोलत होती. विहीर जाईल तर जाईल, पण या बापाचा फोन बंद पाडणारा हात आपला नको.

मला राग आला. एकाचं दुःख जपायला तिघांचं पाणी बुडवायला निघाले होते, आणि ज्याला जपत होते त्याला पत्ताही नव्हता. उकंडराव रोज येऊन विचारायचे, झाले का ठसे? नाही म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. त्यांना बरं वाटतंय हे दिसायचं, आणि बरं वाटतंय म्हणून लाज वाटतेय हेही दिसायचं. अशा माणसावर ओरडावं तरी कसं?

शेवटी एक दिवस बेबीताई स्वतः केंद्रात आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. उभ्यानंच विचारलं, "अर्जाचं कुठं अडलं? खरं सांग."

मी सांगितलं, रुखमाबाईच्या ठशासकट. त्या ऐकत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला तर तो फोन बंदच हवा होता ना?" त्या म्हणाल्या, "मले तं पोरगा पायजे व्हता वं. फोनचं कोनं काय करावं?" आणि गेल्या.

घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं ते उकंडरावांनीच मला नंतर सांगितलं. दाळ वाढता वाढता म्हणाल्या, "ते दोघं तुमच्यासाठी खोटं बोलून राह्यले. तुमचं दुख मोठं हाय, मले मालूम हाय, माहं बी तेवढंच हाय. पन त्यायचं पानी कायले तोडता?" उकंडराव ताटावरून उठले. तडक तांड्यावर गेले, अमरसिंगला दाराबाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. मग त्याच्याच गळ्यात पडले. तिथून रुखमाबाईकडे. तिथं शिव्या खायची पाळी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी तिघं एकाच ऑटोत बसून मंगरूळपीरला गेले. दोन नवीन सिम, एक साधा फोन रुखमाबाईला, एक अमरसिंगला. पैसे उकंडरावांनी भरले, कुणाचं ऐकलं नाही. आधारला नवे नंबर जोडले गेल्याचं कळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. पाडवा होऊन गेला, मुदत संपत आली, तेव्हा कुठं तिघं माझ्यासमोर बसले.

मी जुना अर्ज रद्द करून नवा भरला. नात्याच्या रकान्यात पुन्हा विहीर लिहिलं. फोटो मोठा आहे म्हणून मशीननं नाकारला, लहान केला तर अस्पष्ट आहे म्हणून नाकारला. मध्येच लाईट गेली, परत पहिल्यापासून. मग रुखमाबाईच्या हातातला नवा फोन वाजला. तिला तो कुठून उघडायचा कळेना, मी आकडा वाचला. अमरसिंगचा वाजला. त्यानं आकडा स्वतः वाचला, एकेक अंक सुटा करून, आणि त्याला मनातून बरं वाटलेलं त्यानं लपवलं. शेवटी उकंडरावांच्या खिशात वाजला. त्यांनी बटण काढलं, चीर गेलेल्या काचेवरून बोट फिरवलं आणि आकडा सांगितला. अर्ज दाखल झाल्याची पावती छापून आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रुखमाबाईनं उकंडरावांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिघं चहाही न पिता गेले.

पुढं ऑनलाइनच सुनावणी झाली, मातीच्या पाण्याची रीत आणि एरवी सगळं पाणी पिकालाच जातं हे लिहून दिलं, आणि शेतीचा दर परत लागला. आम्ही जिंकलो. आता मोटर चालते, रुखमाबाई पाळीवरून भांडते, अमरसिंग तुरीला पाणी देतो. एवढं सगळं सुरळीत झालं की कुणाला एकमेकांना फोन करायची गरजच उरली नाही.

उकंडराव एकदा दुपारी आले. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हा बिघडला वाटते. पाय बरं. वाजतच नाई."

फोनला काही झालं नव्हतं. मी माझ्या फोनवरून लावून दाखवला. टेबलावर तो वाजला, थरथरत सरकला. उकंडरावांनी तो उचलला नाही. वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. "तुहा हाय, हे दिसून राह्यलं ना मले," म्हणाले, आणि खिशात घालून बटण लावलं. त्यांचं जेवण कमी झालं होतं. बोलणं तर जवळजवळ बंदच. अमरसिंगनं एकदोनदा मुद्दाम फोन लावून पाहिला, पण पिकापाण्याचं विचारून ठेवून दिला. आकड्याशिवाय पोरा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

परवा संध्याकाळी मी रुखमाबाईकडे गेले होते, तिच्या फोनचा आवाज बसला होता तो नीट करायला. तिचं आंगण आणि पडघानांचं आंगण यांच्यात फक्त एक बोळ आहे. पलीकडे उकंडराव बाजेवर बसलेले इथून दिसत होते. बेबीताई आल्या, हात भाकरीच्या पिठाचे. रुखमाबाईला म्हणाल्या, "तुहा फोन दे वं जरासा." मग माझ्याकडे वळून, "त्याचा नंबर लाव."

"कुणाचा, काकू?"

"माह्या पोराचा."

मी लावला आणि त्यांच्या कानाशी धरला, हात पिठाचे होते म्हणून. बोळाच्या पलीकडे फोन वाजला. उकंडरावांनी घाईनं बटण काढलं. नाव दिसलं रुखमाबाईचं, त्यामुळे त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. आवाज मला दोन्हीकडून ऐकू येत होता.

"प्रसेनजितचा फोन. बोला."

"प्रसेनजित हाय का जी?" बेबीताईंनी विचारलं.

उकंडरावांनी मान वर केली. बोळाच्या अलीकडे आम्ही तिघी उभ्या होतो, बायको समोर दिसत होती. त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

"नाई जी," ते म्हणाले. "बाहेर गेला."

"कवा येईन?"

रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

"सांगून नाई गेला," उकंडराव म्हणाले.

"बरं," बेबीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही, फक्त डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं. "मंग मी उद्या लावतो."

"लावजा जी," पलीकडून आवाज आला. "रोज लावजा. फोन चालूच रायते."